पिवळा फेस

मी एक जुना दाढीचा ब्रश आहे. मित्रांनो, मोरीच्या कट्ट्यावर, स्टीलच्या ग्लासात उभा असलेला हा पिवळा झुपका पाहून तुम्ही नाक मुरडाल. पण एके काळी माझे केस पांढरेशुभ्र होते आणि मुठीला लालभडक रंग होता. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराने मला काचेच्या कपाटात ठेवले होते. तिथे माझा तोरा काय सांगू! शेजारच्या प्लॅस्टिकच्या ब्रशांशी मी बोलतसुद्धा नसे.

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या आनंदाने मला विकत घेतले. आनंदा एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात कामाला होता. त्याच्या खात्यात पिवळा रंग तयार होई. त्याची बारीक भुकटी अंगात अशी मुरे की कितीही आंघोळ केली तरी घामाबरोबर पुन्हा वर येई. पहिल्याच सकाळी त्याने मला साबणावर फिरवून गालांवर फेस केला, आणि तो फेस बघता बघता पिवळा झाला. मी हादरलोच. वर्षभरात माझे केसही तसेच झाले आणि माझा तोरा आपोआप उतरला.

तरी आनंदाचा मला लळा लागला. तोंडावर मास्क घट्ट बसावा म्हणून त्याला रोज गुळगुळीत दाढी लागे. दाढी झाली की तो तुरटी फिरवी, मला स्वच्छ धुऊन झटकी आणि म्हणे, "काम एकदम झकास केलंस हां, राजा." एवढ्या कौतुकावर माझा दिवस सुखात जाई.

त्याची मुलगी माया बी.कॉम. झाली आणि उल्हासनगरात एका ऑफिसात लागली. मग बदलापूरच्या मांजर्लीतून तिला स्थळ आले. शंकररावांचा मुलगा मुकेश. रविवारी मंडळी पाहायला येणार, असे ठरले. त्या आठवड्यात एका सकाळी आनंदा दाढी करत असताना माया मोरीच्या पडद्यापाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, रविवारी ड्युटी लावून घेता येईल का?"

"का गं?"

"त्या लोकांना वाटेल, तुम्हाला कावीळ झालीय. ऑफिसातल्या प्रीतीने पण मला विचारलं होतं, तुझे पप्पा बीमार आहेत का म्हणून."

अर्ध्या गालावरचा फेस वाळून गेला तरी आनंदा आरशात बघत राहिला. मला त्या वेळी माझ्या पिवळ्या केसांची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने सकाळचा नवाच परिपाठ सुरू केला. आधी बेसन आणि दही, मग लिंबू, मग दाढी. टीव्हीवर नुकती पुरुषांच्या गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात लागू लागली होती. तसलीच एक ट्यूब त्याने आणली. दुकानदार म्हणाला होता, "साईं, लेके जाओ, शरमाना कायको? मर्दों के लिए अलग आयी है." ती ट्यूब आनंदा माझ्या ग्लासामागे लपवून ठेवी. मालिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, ती सापडलीच.

"पाहुणे पोरीला बघायला येतायत की तुम्हाला?" ती हसत म्हणाली. "या वयात काय बाशिंग बांधायचंय?"

आनंदाही हसला, पण रंग काही हटेना. शनिवारी त्याने कारखान्यातून एक पांढरी पावडर पुडीत बांधून आणली. तिथे काही कामगार हातांचे डाग घालवायला ती वापरत. रविवारी सकाळी त्याने ती फेसात कालवली. माझे केस चरचरले. ओरडून सांगावेसे वाटले, पण ब्रशाला कुठले तोंड? त्याने मला गालांवर खसाखसा घासले. थोड्या वेळाने आरशात पाहतो तर गालांची सालटी निघालेली, चेहरा लालबुंद, आणि कानांपाशी पिवळा रंग जसाच्या तसा. म्हणतात ना, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मालिनी थंड पाणी ओतत होती, तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. पाहुणे वेळेआधीच आले होते. मालिनी धावत बाहेर गेली. आनंदाला कुणीही काही सांगितले नाही. त्याने आपणहून मोरीचा पडदा ओढला आणि उपड्या बादलीवर बसून राहिला. माया चहा गाळत होती. तिने ते पाहिले आणि मान फिरवली.

बाहेर 'जय भीम' झाले, पोहे झाले. मग शंकररावांनी विचारले, "मुलीचे वडील दिसत नाहीत?"

मालिनी अडखळली. माया म्हणाली, "ड्युटीवर गेलेत."

आनंदाने माझी मूठ घट्ट धरली होती. तो रडत नव्हता. श्वासाचा आवाजही बाहेर जाऊ नये म्हणून जपत होता. आपल्याच घरात माणसाला असे बसावे लागलेले मी आजवर पाहिले नव्हते.

थोड्या वेळाने शंकरराव हात धुवायला उठले. "थांबा, मी बाहेर पाणी देते," असे मालिनी म्हणेपर्यंत त्यांनी पडदा सारला होता. समोर आनंदा. अंगात बनियन, सोललेले गाल, पिवळे कान, हातात मी. आनंदाने मान खाली घातली. मला वाटले, संपले. मोडले लग्न.

शंकररावांनी हात पुढे केले. "पाव्हणं, जरा पाणी घालता का हातावर?"

आनंदाने तांब्या उचलला. निम्मे पाणी शंकररावांच्या पायांवर सांडले. शंकररावांनी हात पुसले आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अरे मुकेश, ऊठ. मुलीचे वडील आले बघ ड्युटीवरून. खुर्ची दे त्यांना."

त्या मोरीला दुसरे दार नाही, हे त्या घरात सगळ्यांना दिसत होते. आनंदा शर्ट घालून खुर्चीत बसला. कुणी काही विचारले नाही. मायाने त्याला चहा दिला, तेव्हा कपबशी खडखडत होती. तिला वर बघवेना.

गाल बरे होईपर्यंत मी ग्लासात कोरडा पडून होतो. मग एका सकाळी मायाच मला घेऊन बसली. दवाखान्यात विचारून तिने परिपाठ ठरवला होता. कामावर जाण्याआधी चेहऱ्याला खोबरेल तेल, म्हणजे भुकटी मुरत नाही. आल्यावर तेलाच्याच बोळ्याने हलके पुसायचे. दाढीला कोमट पाणी, आणि घासायचे मुळीच नाही. लग्न होऊन मांजर्लीला जाईपर्यंत तिने हे रोज केले. माफी मागायला ती कितीदा तरी तोंड उघडी, पण शब्द फुटत नसे. मग ती नुसतीच तेल चोळत राही आणि आनंदा डोळे मिटून घेई.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे, केस झडू लागले आहेत. म्हणून एवढेच सांगतो. आपल्या ब्रशाला धुऊन, झटकून उभे ठेवत जा. आपल्या कातडीशी भांडू नका, ती जन्मभर आपलीच असते. आणि पाहुणे आले म्हणजे सगळ्यात आधी मोरीचा पडदा सारून बघा, तिथे तुमचे कुणी बसले आहे का.