शेवटच्या पानावरचं गाढव

"ही सही तुमचीच ना, बाई?"

बाईंनी समोर आपटलेल्या आपल्या नव्या पुस्तकाशेजारी संपादकाने त्याचं शेवटचं प्रूफ सरकवलं. सही बाईंचीच होती, तारखेसकट. आणि तिच्या बोटभर वर छापलं होतं, ‘गाढव लांबच्या गावाला गेलं. एक दिवस ते नक्की परत येईल.’

बाईंनी लिहिलं होतं, ‘गाढव मेलं. ते परत येणार नव्हतं.’

"हे कुणी बदललं?"

"मीच. म्हणजे इथे सगळ्यांचंच तसं मत पडलं. लहान मुलं आहेत, उगाच रडतील."

"रडू देत की. लिहिताना मी रडले, मेले का?"

"पालकांना नाही हो आवडत असलं. आणि आम्ही काही चोरून नाही केलं. प्रूफ तुमच्याकडे पाठवलं, तुम्ही वाचून सही केलीत."

बाईंनी प्रूफ जवळ ओढलं. छत्तीस पुस्तकं झाली, पण प्रूफ मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नव्हती. हेही वाचलं होतं. पण वीटभट्टीवरच्या गाढवाची आणि त्याची वाट बघणाऱ्या मुलीची ही गोष्ट त्यांना तोंडपाठ झाली होती. दर गुरुवारी शाळेत चौथीच्या वर्गाला वाचून दाखवायची, मुलं चुळबुळली की तिथे समासात तांबडी खूण करायची आणि घरी येऊन तेवढं कापायचं, ही त्यांची पद्धत. असे दहा गुरुवार झाले होते. शेवटच्या पानावर एकही तांबडी खूण नव्हती. त्यामुळे प्रूफ वाचताना डोळे कागदावर होते आणि तोंडातून आपलीच वाक्यं बाहेर पडत होती. छापलेलं त्यांनी वाचलंच नाही.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या संपादकाचा, त्याच्या साळसूद आवाजाचा राग आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

"त्या मुलीचं वाक्य कुठाय? ‘मग मला आधीच सांगायचं ना कुणीतरी’?"

"तेही काढलं. गाढव मरतच नाही म्हटल्यावर त्याला अर्थ राहत नाही ना."

ते वाक्य बाईंचं नव्हतंच. चौथीत एक काडीसारखी मुलगी होती, वर्ग तिला पेन्सिल म्हणायचा. तिचे वडील वर्षापूर्वी वारले होते आणि घरी तिला सांगितलं होतं की ते लांब कामाला गेलेत. वर्गशिक्षिकेने हे बाईंना दाराआड नेऊन सांगितलं होतं. गोष्ट संपल्यावर पेन्सिलने विचारलं होतं, "गाढव परत येणार?" बाई म्हणाल्या होत्या, "नाही गं." त्यावर ती रडली नाही. "मग तिला आधीच सांगायचं ना कुणीतरी," एवढंच म्हणाली. बाईंनी घरी येऊन ते गोष्टीतल्या मुलीच्या तोंडी घातलं होतं.

"पुढच्या आवृत्तीत बघू आपण," संपादक म्हणाला. "आज शाळेत कार्यक्रम आहे. प्रती पोचल्यासुद्धा तिकडे."

"पुढच्या आवृत्तीपर्यंत ही मुलं थांबतात होय चौथीत?" बाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

शाळेच्या सभागृहात मुख्याध्यापिकेचं भाषण झालं, प्रत्येक मुलाला एकेक पुस्तक मिळालं आणि सहीसाठी रांग लागली. बाईंनी पहिल्या मुलाचं पुस्तक घेतलं, शेवटचं पान उघडलं आणि त्या दोन ओळींवर काट मारली. वर स्वतःच्या दोन ओळी लिहिल्या, सही केली. मग दुसरं. मग तिसरं.

संपादक कानाशी वाकला. "बाई, काय चालवलंय हे? छापील पुस्तक आहे."

"सहीच करतेय. सहीवर फार भरवसा ना तुमचा?"

मुख्याध्यापिका दोनदा खाकरल्या. बाईंचा हात थांबला नाही. अक्षर रागाने वेडंवाकडं पडत होतं.

पेन्सिल रांगेत बरीच मागे होती. ती पुढे आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. इतका की बाईंना तिच्याकडे बघवेना.

"बाई, तुम्ही चुकलात. गाढव येणार आहे परत. इथे छापलंय."

तो चेहरा तसाच राहू द्यावा असं बाईंना क्षणभर वाटलं. हाच मोह घरीदारी सगळ्यांना पडला असणार, हे त्यांना कळलं आणि त्याचाही त्यांना संताप आला.

"पुस्तक चुकलंय," त्या म्हणाल्या. "मी नाही."

त्यांनी काट मारली आणि लिहिलं. पेन्सिल पेनाच्या टोकाकडे बघत राहिली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. पुस्तक मात्र उचललं नाही.

"बाई, नीट लिहा ना," ती हळू आवाजात म्हणाली. "आईला वाचायला द्यायचंय."

बाईंनी खाली कोऱ्या जागेत त्याच दोन ओळी पुन्हा लिहिल्या, मोठ्या, सुट्या अक्षरांत. त्याखाली पेन्सिलचं वाक्य लिहिलं. मग ओळीवर बोट ठेवून, तोंड मिटून, अक्षर न् अक्षर वाचलं. मागची रांग थांबली होती. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी सही केली आणि खाली तारीख घातली.