लाल ठिपका

इंजिनाला डिझेल किती सोडायचं हे ठरवणारं मॉड्यूल बिघडलं, आणि माझा ट्रक चढावर मान टाकायला लागला. मेव्हणा मेकॅनिक आहे. म्हणाला, "भाऊजी, नवीनच टाकावं लागेल."

मेव्हणा झाला म्हणून काय झालं? जुनंच पुसूनबिसून परत बसवलं, तर मला काय कळणार? गाडी त्याच्या गॅरेजला सोडण्याआधी मी बायकोकडून नेलपॉलिश मागून घेतली आणि गुपचूप मॉड्यूलच्या कडेला लाल ठिपका दिला.

संध्याकाळी त्याने चावी पुढे केली. मी म्हटलं, आधी केबिन उचल. टॉर्च मारतो तर काय, मॉड्यूलवर लाल ठिपका!

"चोरा!" मी ओरडलो. "माझ्याच डोळ्यांत धूळ फेकतोस? हे जुनंच आहे!"

त्याने फडक्यात गुंडाळलेलं जुनं मॉड्यूल आणून समोर धरलं. त्याच्यावरही ठिपका होता. माझाच, जरा ओघळलेला.

"मग नव्यावर कोणी लावला?"

"मी. उद्या तुम्ही कुठलंतरी जळकं मॉड्यूल आणून 'हेच बसवलंस' म्हणालात, तर? ताईकडेच बाटली मागितली. ती म्हणाली, 'घे बाबा, आज तू दुसरा.'"

माझं डोकंच सणकलं. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यावर संशय? अशा माणसाशी नातं तरी कसं ठेवायचं?

जुनं मॉड्यूल काखोटीला मारून घरी आणलं. त्याच्याकडे ठेवतोय होय!