सुकाणूचा दांडा सोडून

बाबारावांच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे आठवलं की अंबादासपंतांच्या घशाखाली घास उतरत नसे. होशंगाबादचे बाबाराव त्यांचे शाळेपासूनचे मित्र. अर्धांगवायूनं उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हातानं त्यांनी वाकडंतिकडं लिहिलं होतं: 'शिडाची दोरी धरू की सुकाणू? होळीपर्यंत एकट्यानं नाव हाकून दाखवली नाही, तर पोरं ती फोडून होळीत घालणार आहेत. तू एवढं वाचतोस, काही तोड सांग.'

तोड पंतांना पुस्तकात केव्हाच सापडली होती. पण ती चुकीची निघाली आणि मित्र बुडाला तर? या भीतीनं ते गप्प बसले. होळी तोंडावर आली, तेव्हा त्यांच्या पत्नी राधाबाईच म्हणाल्या, "काहून झुरून राहिले? आपली नाव आहे न ग्वारीघाटावर! चलो, करून पाहू. मलाही नर्मदामैयाला नारळ द्यायचाच आहे."

सकाळी आडवा वारा छान सुटला होता. शिडाची दोरी कप्पीतून ओवून सुकाणूच्या दांड्याला वारा येतो त्या बाजूनं बांधायची, आणि दुसऱ्या बाजूनं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून लावायची, अशी ती युक्ती. पंत पट्टी बांधू लागले, तर तिथेच पूजेची टोपली.

"अहो, रस्त्यावरच्या चिखलातलं ते रबर नारळाला लावता?" राधाबाई कडाडल्या.

पंतांनी मुकाट्यानं रबर इकडे आणि दोरी तिकडे केली. नाव पाण्यात गेली, त्यांनी दांडा सोडला, आणि पहिल्याच झोतासरशी नावेनं गर्रकन वाऱ्याकडे तोंड फिरवलं. शीड फडाफडा आपटू लागलं.

"मला काही येत नाही," पंत पुटपुटले.

"पुस्तकात असंच होतं का?"

"नाही. रबर टोपलीकडे होतं."

"मग तसं बोलायचं न! माझ्या धाकानं दोघं बुडलो असतो की!" त्यांनी नारळासकट टोपली मांडीवर घेतली. "बांधा आता."

पंतांनी बाजू बदलल्या आणि दांडा सोडला. झोत आला. नाव वळू लागली, तोच शिडाची दोरी ताणली गेली, दांडा आपसूक सरकला आणि नाव सरळ झाली. वारा पडला, तेव्हा रबरानं दांडा परत ओढून घेतला.

"अगं, पाहिलंस? पाहिलंस?" पंतांचा आवाज चिरकला.

"पाहून राहिले! आता मधली मंझधार आली, नारळाला दोन्ही हात लावा." इतकी वर्षं एक हात सुकाणूवर ठेवूनच पंतांनी नारळ वाहिला होता. आज त्यांनी दोन्ही हातांनी तो पाण्यात सोडला आणि "नर्मदे हर!" अशी आरोळी ठोकली, की घाटावरची माणसं वळून पाहू लागली.

दीक्षितपुऱ्यात घरी परतल्यावर ते जेवायलाही बसले नाहीत. चित्र काढून प्रत्येक गाठ लिहिली. 'वारा बाजूनं असेल तेव्हाच कर. पहिल्या वेळी पोहता येणारा माणूस सोबत घे. रबर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूलाच हवं, मग वहिनी काहीही म्हणोत.' वाचून पुन्हा शंका यायच्या आत ते अनवाणीच कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे धावले आणि पाकीट आत टाकलं.