बावीस सेकंदांचा आवाज

मित्रांनो, टेबलाखाली पाय पसरायला गेलं की ज्याला घरातल्या सगळ्यांची लाथ लागते, तो जुना संगणक मी आहे. आता माझं पोट घरघरतं. सुरू व्हायला मला पाच मिनिटं लागतात. पण मी या घरात नवा आलो तेव्हा मला पुसायला वेगळं मऊ फडकं होतं, आणि त्या फडक्याला दुसरं कोणी हात लावायचं नाही.

मला आणलं बाबांनी. ते घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करत. फार शिस्तीचा माणूस. गॅस, नळ आणि भिंतीवरचं माझं बटण बंद केल्याशिवाय ते दाराला कुलूप लावत नसत. आई बस स्थानकावर गाड्या पुकारायची. तिचा आवाज इतका ओळखीचा होता, की ती भाव विचारायला लागली तरी भाजीवाली म्हणायची, "तुम्ही बोललात की वाटतं, आपली गाडी लागली." संध्याकाळी घरी आल्यावर आई हे सांगून स्वतःच हसायची.

त्यांची लेक दीड वर्षांची असताना आईच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. रुग्णालयात खाट रिकामी व्हायची होती, तोवर घरी थांबायचं होतं. अशा एका दुपारी बाबांनी स्टुलावर छोटा कॅमेरा ठेवला. आई माझ्याशेजारी खुर्चीत बसली आणि लेकीसाठी वीस मिनिटं बोलली. मी सगळं ऐकलं; पण मित्रांनो, ऐकलेलं जपून ठेवण्याची सोय माझ्यात नाही. मला कोणी द्यावं लागतं.

बाबांनी कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्यात घातलं. चित्रण माझ्यात किती उतरलं ते दाखवणारी हिरवी पट्टी पडद्यावर सरकू लागली. तेवढ्यात फोन आला, खाट मिळाली, तासाभरात या. बाबांनी पिशवी उचलली. लेकीला शेजारच्या काकूंकडे सोपवलं. गॅस बघितला, नळ बघितला, कार्ड काढून खिशात टाकलं आणि सवयीनं माझं बटण बंद केलं. हिरवी पट्टी अजून सुरुवातीलाच होती.

महिन्याभरानं त्यांनी मला सुरू केलं. फाइलचं नाव जागेवर होतं. नावापुढे आकारही पूर्ण दिसत होता. ती चालवून बघण्याचा त्यांना धीर झाला नाही. सगळं नीट आहे असं धरून त्यांनी कार्डावरचं चित्रण पुसलं आणि त्यावर लेकीचे फोटो काढायला घेतले.

पुढे अकरा वर्षं आईनं वहीत लिहून संसार केला. बस स्थानकावर तिला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. लेकीला लाडानं सगळे ठमी म्हणत. ठमीला लिहायला येण्याआधी आईचं लिहिलेलं वाचता येऊ लागलं. 'आईचा आवाज कसा होता?' असं तिनं विचारलं की बाबा म्हणायचे, "संगणकात ठेवलाय. जरा मोठी हो, मग ऐकू." त्या एका वाक्यामुळे घरात मला मान होता. माझ्यावर धूळ साचली, बाबांनी कामासाठी नवा संगणक घेतला, तरी मला कोणी भंगारात काढलं नाही.

गेल्या रविवारी ठमी म्हणाली, "बाबा, आता झाले मी मोठी."

आई कामावर गेली होती. बाबांनी मला सुरू केलं आणि ठमीनं फाइल उघडली. माझ्या पडद्यावर चौकट आली: ही फाइल चालवता येत नाही.

"जुना आहे ना, म्हणून," बाबा म्हणाले. ठमीनं दुसरा प्लेअर घातला. तरी तेच. फाइल नव्या संगणकावर नेली. तरी तेच. ठमीनं फाइलचा प्रकार बदलून पाहिला. संध्याकाळपर्यंत बापलेक माझ्यापुढून उठले नाहीत. प्रत्येक वेळी बाबा म्हणत, "नाव दिसतंय ना? मग आहे आत." त्यांचा आवाज मात्र हळूहळू बसत गेला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानातली ताई घरी आली. त्या दिवशी आईला सुट्टी होती. ताईनं फाइल तपासली आणि विचारलं, "काका, याच कॅमेऱ्याची, नीट चालणारी एखादी फाइल आहे?" बाबांनी कॅमेरा नवा असताना टाकीवरची कबुतरं टिपली होती. त्या फाइलची मांडणी बघून ताई तासभर काम करत राहिली.

मग म्हणाली, "थोडंसं निघेल. ही पूर्ण उतरलीच नव्हती. उतरत असताना संगणक बंद झालाय. पुढे नुसती रिकामी जागा आहे."

बाबांनी भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं आणि ते तिथेच फरशीवर बसले. "मीच बंद केलं," ते म्हणाले. "मीच."

ताईनं फाइल चालू केली. पडद्यावर तरुण आई दिसली. "हे चालू आहे ना? अहो, लाल दिवा बघा की. थांबा, केस फार विस्कटलेत." ती हसली, सावरून बसली. "हं. ठमे, हे तू ऐकशील तेव्हा..."

तिथे चित्र थिजलं. बावीस सेकंद झाले होते.

ठमीनं ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. चौथ्यांदा ती रडू लागली. "आई, पुढे काय म्हणाली होतीस?"

आईनं वही घेतली. मग तिनं लिहिलं, "सगळं नाही आठवत, बाळा. खूप घाबरले होते." ठमीनं ते वाचलं आणि आईच्या मांडीत डोकं खुपसलं.

बाबा तोंड फिरवून बसले होते. आई त्यांच्याकडे गेली आणि वहीचं नवं पान त्यांच्यापुढे धरलं. तिथे लिहिलं होतं, "तुम्ही घाईत होतात, कारण मला वाचवायचं होतं. मी वाचले ना?" बाबांनी ती ओळ वाचली, पण मान वर केली नाही. आई त्यांच्या शेजारी फरशीवर बसून राहिली.

त्या बावीस सेकंदांच्या तीन प्रती ताईनं तीन ठिकाणी ठेवून दिल्या. माझं काम आता संपलं. उद्या ती मला घेऊन जाईल. चांगले भाग काढून घेईल, उरलेलं भंगारात जाईल. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं, की माझ्यात बावीस सेकंदच होते आणि तरी अकरा वर्षं या घरानं मला वीस मिनिटांसाठी सांभाळलं.

मित्रांनो, तुमच्या माणसांचं काही जपून ठेवलंय असं तुम्हाला वाटत असेल, तर ते आजच एकदा उघडा. शेवटपर्यंत चालवा. रडू आलं तरी चालवा. आणि तुमची आई शेजारच्या खोलीतून हाक मारत असेल, तर आधी तिला ओ द्या.