पाचवा खण

किनुएने कुंचला बादलीत बुडवला, निथळू दिला आणि तबेल्यातल्या खणाच्या फळीवर, वरच्या कडेवर तिसऱ्यांदा फिरवला. ओला असताना चुना पाण्यासारखा पारदर्शक दिसतो; पांढरा होतो तो वाळल्यावर. त्यामुळे कडेवरच्या घोड्याच्या दातांच्या खाचा अजून तशाच दिसत होत्या.

"भिंत रंगवतेयस की नवरी नटवतेयस?" पलीकडच्या खणातून तिच्या नवऱ्याने, तेरुओने विचारलं. "सरक पुढे."

"लाकूड फार पितंय हो."

"पिणारच. माझ्या बापाने बांधलेलं, त्याच्यावरच गेलंय."

ती हसली नाही. तोही हसला नव्हता.

तीन आठवड्यांत त्यांच्या चार घोड्या गाभडल्या होत्या. आज पहाटे पाचवी, शेवटची. शिंगरू पुऱ्या वाढीचं होतं, खुरांच्या टोकांना अजून मऊ गर, नाकपुड्या स्वच्छ. श्वास तेवढा घेतला नव्हता. असा साथीचा रोग आला की तबेला खरवडायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग आतून चुन्याचे दोन हात द्यायचे, असा नियम. वाचवायला काही उरलेलं नसताना दोघं तो पाळत होते.

त्यांच्या घोड्यांपैकी एकीलाही लाकूड चावायची खोड नव्हती. ती होती ओकितांनी नव्याने घेतलेल्या घोडीला. जानेवारीत खोऱ्यात वरच्या बाजूला ओकितांकडे जाताना ती इथे एक रात्र थांबली होती. रोग लागू नये म्हणून परक्या घोडीला मागच्या पडवीत वेगळं बांधायचं, हे किनुएला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक. पण तेरुओ साप्पोरोला बहिणीकडे गेलेला, पारा उणे बावीसवर, आणि पडवीतून खुरांचा आवाज थांबेना. तिने घोडीला या रिकाम्या खणात आणलं. उजाडायच्या आत परत नेलं.

पहिली घोडी गाभडली त्या दिवसापासून किनुए रोज जेवताना सांगायला तोंड उघडायची, आणि घास घ्यायची.

दुपारी जनावरांची डॉक्टर नागासे आली. बुटांवर औषध फवारून दारातच उभी राहिली. सकाळपासून ती बसलीही नसावी, असा तिचा चेहरा होता.

"काका, एवढं एकच लिहायचं राहिलंय. या हिवाळ्यात बाहेरचं जनावर तबेल्यात आलं होतं?"

तेरुओ उठून किनुएच्या खणात आला. हातमोजा काढून त्याने बादलीच्या तळाचा घट्ट चुना अंगठ्यावर घेतला आणि कडेवरच्या खाचांमध्ये भरू लागला.

"नाही," तो डॉक्टरकडे बघत म्हणाला. "मी घोड्यांच्या लिलावाला गेलो होतो. तेच बूट घालून आत आलो. तसं लिहा."

तो बोलत होता आणि अंगठा न बघता एकेक खाच शोधत होता. एकही चुकली नाही.

नागासेने लिहायला घेतलं.

"आलं होतं," किनुए म्हणाली. "ओकितांची घोडी. मी आणली आत. एक रात्र होती."

"किनुए, गप्प बस." तेरुओचा आवाज चढला नव्हता.

"त्यांना आत्ता फोन करा, डॉक्टर. तिला आजच वेगळी काढा म्हणावं. बारा गाभण आहेत हो त्यांच्याकडे."

नागासेने पेनचं टोपण लावलं.

"काकू, मी तिथूनच येतेय. सकाळपासून तीन शिंगरं गेली."