वरच्या फळीवरचा रंधा

मित्रांनो, दारातून आत आलात की जिन्याखाली, चपलांच्या ढिगामागे एक जुनी लाकडी मांडणी दिसते ना, ती मीच. माझा एक पाय जरा आखूड आहे आणि माझा खालचा खण उघडत नाही. नवे पाहुणे येतात, त्याला दोनचार हिसके देतात आणि मग नाद सोडतात. तो खण असा का अडून बसला आहे, तेवढंच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म धक्क्याजवळच्या एका छपराखाली झाला. तिथे होड्या बांधत. एका मोठ्या होडीचं काम संपल्यावर काही फळ्या उरल्या. तिथल्या एका तरुण सुताराचं नुकतंच लग्न झालं होतं आणि घरात भांडी ठेवायला धड फळीही नव्हती. मालकाला विचारून त्याने त्या फळ्या खांद्यावर टाकून घरी आणल्या आणि सुट्टीच्या दिवशी मला स्वयंपाकघरात उभं केलं. माझा पाय आखूड राहिला तो घाईमुळे. त्याला मला संध्याकाळच्या आत बायकोला दाखवायचं होतं.

बायको म्हणाली, "अहो, एवढी उंच कशाला केलीत? माझा हात तरी पोचायला हवा!"

"वरची फळी तुझी नाहीच मुळी. तिथे माझा रंधा राहणार."

"म्हणजे घरातसुद्धा कामाचंच सामान," ती म्हणाली. पण त्या फळीवर तिने कधी साधी वाटीही ठेवली नाही.

रंधा म्हणजे लाकूड तासून गुळगुळीत करायचं सुताराचं हत्यार. हा रंधा त्याला वडिलांकडून मिळाला होता. दोन पिढ्यांच्या बोटांनी त्याच्या मुठीला खळगे पडले होते. संध्याकाळी सुतार घरी आला की आधी रंधा वर ठेवायचा, शेजारी टोपी ठेवायचा आणि मगच पाणी मागायचा. समुद्राकाठची हवा ओली. ती लागली की माझं लाकूड फुगायचं आणि खण अडायचा. मग सुतार खण बाहेर काढून त्याच्या कडेवरून रंधा फिरवायचा. त्यातून निघालेल्या कुरळ्या साली त्याची छोटी लेक कानांत अडकवून घरभर मिरवायची. "बघा, माझे डूल!" असं म्हणत ती गिरक्या घ्यायची. खरं सांगते, तेव्हा खण अडावा असं मलाच वाटायचं.

दिवस कुठे थांबतात? होड्या लाकडाच्या बनेनाशा झाल्या आणि सुताराचं काम सुटलं. मग त्याची बायको गेली. एवढ्या तीन मजली घरात बापलेक दोघंच उरली. लेक हुशार आणि धडपडी. आमच्या या जुन्या शहराची तटबंदी, दीपगृह, दगडी गल्ल्या पाहायला पाठीवर बॅगा टाकून तरुण मुलंमुली येऊ लागली होती. तिने घराचं हॉस्टेल केलं. वडिलांनी उत्साहाने एकावर एक चढवलेले पलंग बनवून दिले. पाहुणे तिला ताई म्हणू लागले आणि सुताराला बाबा. मीही त्याला आता बाबाच म्हणते.

मला स्वयंपाकघरातून उचलून इथे दारात आणलं. ताईने माझ्या माथ्यावर एक रंगीत पाटी लावली : 'नको ते ठेवा, हवं ते घ्या.' जाणारे पाहुणे आपलं जादा सामान माझ्यावर ठेवत आणि येणारे त्यातलं उचलून नेत. अर्ध्या शाम्पूच्या बाटल्या, नकाशे, रेनकोट, पाण्याने फुगलेल्या कादंबऱ्या. एकदा तर कुणीतरी एकाच पायाची चप्पल ठेवली, आणि नवल म्हणजे तीही कुणीतरी नेली! लोक माझे फोटो काढायचे. मी मनातून फार फुशारून गेले होते.

बाबांच्या हाताला मात्र हा नवा कायदा कळलाच नाही. बाहेरून आले की टोपी वरच्या फळीवर, रंध्याशेजारी. ती टोपी एकदा नाश्त्याच्या टेबलावर एका पाहुण्याच्या डोक्यावर सापडली. सगळे पोट धरधरून हसले, बाबाही हसले. ताई म्हणाली, "बाबा, तुमचं सामान तुमच्या खोलीत ठेवत जा हो. इथलं सगळं पाहुण्यांचं असतं."

"हो, हो, लक्षात ठेवतो," बाबा म्हणाले. त्यांनी रंधाही आपल्या खोलीत नेला. वरची फळी पहिल्यांदाच रिकामी झाली, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

मग ती ओली सकाळ आली. माझा खण पुन्हा अडला होता. बाबा रंधा घेऊन आले, खण काढून मांडीवर घेतला आणि एक बाजू छान तासली. दुसऱ्या बाजूला हात घालणार, एवढ्यात ताई घाईघाईने आली. "बाबा, वरच्या खोलीतला पलंग फार कुरकुरतोय. पाहुणे वैतागलेत. आधी तो बघता का?"

"आलोच," म्हणत बाबांनी खण तसाच आत ढकलला. जाता जाता त्यांचा हात आपसूक वर गेला आणि रंधा त्याच्या जुन्या जागी बसला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

थोड्याच वेळात एक प्रवासी मुलगी निघाली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तो रंधा हातात घेऊन कौतुकाने उलटापालटा केला. ताईसमोर नव्या पाहुण्यांची झुंबड होती, कानाला फोन होता. मुलीने विचारलं, "ताई, हे लाकडाचं जुनं घेतलं तर चालेल?"

ताईने मानसुद्धा वर केली नाही. "घ्या, घ्या! मांडणीवरचं सगळं तुमचंच."

त्या मुलीला मी बोल लावणार नाही. तिने पाटी वाचली होती आणि वर विचारलंही होतं. आपल्या टॉवेलात जपून गुंडाळून तिने रंधा बॅगेत ठेवला आणि ती गेली. मला तोंड असतं तर मी गल्ली डोक्यावर घेतली असती. पण लाकडाला कसलं आलंय तोंड!

बाबा खाली आले. न बघताच हात वर नेला. फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. मग स्टूल आणून त्यावर चढून पाहिलं. "अगं, माझा रंधा उचललास का तू?"

ताईला ती प्रवासी मुलगी आठवली. फोन तसाच टाकून ती बसस्टँडकडे धावली. बस निघून गेली होती.

किनाऱ्यावरच्या बहुतेक हॉस्टेलांत माझ्यासारखी एखादी फळी असते आणि ती चालवणारी माणसं एकमेकांना ओळखतात. ताईने सगळीकडे फोन लावले. पुढच्या गावाहून उत्तर आलं, "हो, आली होती ती. बॅग जड झाली म्हणून आमच्याच फळीवर ठेवून गेली. पण तो दुसऱ्या कुणीतरी नेला." त्या माणसाचा माग काढला तर रंधा आणखी पुढच्या फळीवर पोचून तिथूनही हलला होता. असा तो हातोहात पुढे जात राहिला आणि ताई दरवेळी जराशी मागे पडत राहिली. शेवटी एका ठिकाणच्या माणसाने विचारलं, "पण ताई, रंधा म्हणजे काय?" तिथे माग संपला.

ताईने शोधून शोधून उत्तम नवा रंधा आणला. बाबांनी तो हातात तोलून पाहिला. "चांगला आहे गं. पण याची न् माझ्या हाताची ओळख नाही. आता नवी ओळख करायला वेळ कुठाय?" त्यांनी तो परत खोक्यात घातला.

ते एका शब्दानेही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं ताईलाही वाटलं असणार. त्याऐवजी बाबा विचारू लागले. "ही टोपी इथे ठेवली तर चालेल का?" "या खुर्चीवर कुणी बसणार नाही ना?" "हा कप कुणाचा नसेल तर मी घेऊ?"

"बाबा, असं काय करता? घर तुमचं आहे!" ताई पुन्हा पुन्हा सांगायची.

"विचारलेलं बरं, पोरी. गर्दीत कळत नाही."

एका सकाळी ते पिशवी घेऊन खाली आले. धाकट्या बहिणीकडे थोडे दिवस राहून येतो म्हणाले. "माझ्या खोलीत दोन पलंग आरामात बसतील बघ," असंही म्हणाले. ताई रिक्षा थांबवायला बाहेर गेली, तेव्हा त्यांनी माझ्या कडेवरून हात फिरवला. मग खिशातून घराची किल्ली काढली आणि माझ्या मधल्या फळीवर, शाम्पूची बाटली आणि एक जुना नकाशा यांच्यामध्ये, अलगद ठेवली.

त्यांना निरोप देऊन ताई परत आली, तेव्हा तिला ती दिसली. किल्ली मुठीत धरून ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. दारात नवे पाहुणे घंटी वाजवत होते, त्यांना कितीतरी वेळ कुणी दार उघडलं नाही.

त्याच दिवशी तिने पाटी काढली. माझ्यावरचं सारं सामान टोपलीत भरून अंगणात ठेवलं. वरची फळी तेव्हापासून रिकामी आहे, ताई ती रोज पुसते. खणाची एक बाजू तासलेली आहे, दुसरी नाही. ताई कुणाला त्याला रंधा लावू देत नाही.

मित्रांनो, देणं चांगलंच असतं. माझ्यावरून कितीतरी गरजवंतांनी रेनकोट नेले, त्याचा मला आनंदच आहे. पण 'घ्या' म्हणण्याआधी एकदा मान वर करून पाहत जा. आपण काय देतो आहोत आणि ते कुणाचं आहे, एवढं पाहायला कितीसा वेळ लागतो?

बाबा अधूनमधून येतात. ताई त्यांच्या आवडीचं रांधते, खोली झाडून ठेवते, किल्ली त्यांच्या हातात देऊ पाहते. "राहू दे तुझ्यापाशी, तू असतेसच की घरात," असं म्हणून ते ती परत करतात. जेवण झालं की माझ्यासमोर पायरीवर बसतात. टोपी मांडीवर असते, दोन्ही हातांत धरलेली.

"बाबा, टोपी ठेवा ना वर," ताई म्हणते.

बाबा माझ्या वरच्या फळीकडे पाहतात.

"असू दे," ते म्हणतात. "निघायचंच आहे आता."