आर्मेनियातले खाचकर

श्रीनिवास देवलांना सरळ रस्त्याने कुठे जाणं जन्मात जमलं नाही. लेक मेलबर्नला, पॉइंट कुकमध्ये राहते, तिच्याकडे सहा महिने राहायला जायचंय, तर माणूस मुंबईला विमानात बसतो आणि मेलबर्नला उतरतो. हे निघाले आर्मेनियामार्गे. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या या गृहस्थांना निवृत्तीनंतर दगडांचं वेड लागलं होतं. कार्ले, भाजे, वेरूळ पालथी घालून झाली होती. आता डोंगर कोरून केलेला गेगार्डचा मठ बघितल्याशिवाय डोळे मिटणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं. ‘‘डोळे मिटायच्या गोष्टी कशाला करता, बाबा?’’ मयूरा फोनवर चिडली होती.

मग मार्चमध्ये जगाची दारं धडाधड लागली. ऑस्ट्रेलियाने बाहेरच्यांना येणं बंद केलं, भारताने विमानं थांबवली, आणि बाबा दम्याचा पंप खिशात घेऊन मधल्या मधे अडकले. ना लेकीकडे येता येईना, ना घरी परतता येईना. दुसरा कुणी असता तर राजधानी येरेवानच्या हॉटेलात गुपचूप बसला असता. पण ‘‘हॉटेलात माणसं खोकतात. दगडांना कुठे कोरोना होतो?’’ असं म्हणून हे भाड्याची गाडी करून मठ बघत सुटले. फोटो यायचे ते सगळे भिंतींचे आणि कमानींचे. मयूराला बाबांचा चेहरा बघायचा असे, तो कधीच नसे.

ती मेलबर्नमधल्याच वेरिबीजवळच्या एका एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, नर्स होती. म्हाताऱ्या माणसाचा श्वास कसा वर लागतो, ओठ कसे निळे पडतात, हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं. ब्रेकमध्ये सगळ्याजणी मिळून इटलीच्या बातम्या बघत. सत्तरीचा दमेकरी या आजारापुढे किती टिकेल, याचा हिशेब तिला करायचा नव्हता, पण डोकं गप्प बसत नव्हतं.

एका दुपारी शिफ्ट संपवून ती गाडीत बसली, तर बाबांचा व्हॉइस मेसेज आलेला होता. वाऱ्याचा घोंगाट आणि मधूनमधून शब्द.

‘‘मयू... बर्फ पडतोय... ड्रायव्हर घाबरला, सोडून गेला... मी खाचकरांजवळ थांबलोय. इथे खूप खाचकर आहेत गं... श्वास जरा...’’

तिथे मेसेज तुटला. तिने उलट फोन केला, तो बंद. पुन्हा केला, बंदच. तिने गाडी सुरू केली. पण फ्रीवेला लागता लागता तिने स्वतःला बजावलं, एकटे नाहीत ते. खाचकरांकडे आहेत. आपल्या माणसांत आहेत.

घरी नवऱ्याने, हृषीकेशने, मेसेज ऐकला आणि तोही हरखला. ‘‘खाचकर? आर्मेनियात? कमाल आहे यार, मराठी माणूस कुठे कुठे पोचलाय!’’

‘‘कोकणातले असतील का रे?’’

‘‘असणारच. खाच नावाचं गाव असेल एखादं.’’

शेवटी ‘कर’ लागलेलं असलं की आपल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. दोघांनी लगेच महाराष्ट्र मंडळाच्या चित्रलेखाला फोन लावला. कुणाची कुठली आत्तेबहीण कुठे दिली आहे, हे तिला तोंडपाठ.

‘‘नो वरीज, मी शोधते,’’ चित्रलेखा म्हणाली. ‘‘आणि खूप खाचकर आहेत म्हणाले ना काका? मग जॉइंट फॅमिली दिसतेय. गरम गरम वरण-भात वाढला असेल त्यांनी. तू निवांत झोप बघू.’’

मयूराने त्या बिचाऱ्या खाचकर वहिनींना मनातल्या मनात दहादा नमस्कार केला आणि खरंच झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी फोन बंदच. मंडळाच्या ग्रुपवर जळगावचे खाचणे सापडले, साताऱ्याचे खाडिलकर सापडले, खाचकर एकही सापडेना. कुठलाच खाचकर कुणाला ठाऊक नाही, हे कसं? मयूराने लॅपटॉप उघडला आणि इंग्रजीत खाचकर, आर्मेनिया असं टाकलं.

माणसं आलीच नाहीत. दगड आले. पुरुषभर उंच, उभे, काळपट तांबडे दगड, प्रत्येकावर कोरलेला क्रूस आणि नक्षी. खाचकर म्हणजे क्रूस कोरलेला दगड, असं खाली लिहिलं होतं. पुढच्या फोटोत ते रांगाच्या रांगा उभे होते, बर्फात, सेवान तलावाकाठच्या नोरातुस गावात. त्या गावच्या कबरस्तानात.

इथे खूप खाचकर आहेत गं.

‘‘हृषी!’’ ती अशी ओरडली की तो वर्क फ्रॉम होमची मीटिंग तशीच टाकून धावत आला. तिने स्क्रीनकडे नुसतं बोट दाखवलं. आपण काल रात्री झोपलो. बाबा बर्फात, श्वास लागलेल्या अवस्थेत, थडग्यांच्या मधे बसलेले, आणि आपण वरण-भाताच्या भरवशावर झोपलो. तिला रडूही येईना, इतकी ती घाबरली होती.

हृषीकेशनेच नकाशावर नोरातुस काढलं. गावात पाहुण्यांना ठेवणारं एक घर होतं, त्याचा नंबर होता. रिंग बराच वेळ वाजली. मग एका बाईने उचलला.

‘‘इंडियन? ओल्ड मॅन?’’ मयूराने विचारलं.

‘‘येस, येस. इंडियन. माय हजबंड फाइंड. इन स्नो.’’ बाई थांबली, शब्द शोधत असावी. ‘‘नाउ ही स्लीप.’’

झोपेत गेले, असंच तर मयूरा स्वतः गेलेल्या म्हाताऱ्यांच्या नातेवाइकांना फोनवर सांगत असे. हळू आवाजात, शब्द तोलून. तेच आता कुणी तरी तिला सांगत होतं. हृषीकेशने फोन घ्यायला हात पुढे केला, तिने दिला नाही.

आणि तेवढ्यात बाईच्या मागून कुणी तरी खोकलं. कोरडा, लांबलेला, शेवटी शीळ वाजणारा खोकला. लहानपणापासून पलीकडच्या खोलीतून ऐकलेला. त्या दिवसांत सगळं जग खोकल्याचं नाव काढलं तरी दचकत होतं, आणि मयूराने तो ऐकून ‘बाबा’ म्हणून हंबरडा फोडला.

‘‘अगं, हो हो,’’ बाबांचा आवाज आला, खोल गेलेला. ‘‘मोबाइल बर्फात पडला, तो मेला. मी आहे.’’

‘‘बाबा, मी खाचकर आडनाव समजले! अख्ख्या मंडळाला शोधायला लावलं!’’

ते हसले. हसता हसता खोकायला लागले आणि खोकता खोकता श्वास पुरेना. पंपाचा फुस्स आवाज आला, पुन्हा आला. कुठून आपल्याला सांगायची बुद्धी झाली, असं तिला झालं.

‘‘ताप आहे मयू,’’ श्वास जागेवर आल्यावर ते म्हणाले. ‘‘गावच्या डॉक्टरने बघितलं. तो दारातूनच बोलला. या बाई मात्र सूप घेऊन उशाशी बसतात. ऐकतच नाहीत.’’

‘‘ऑक्सिजन किती आहे? मोजला का कुणी?’’

उत्तर यायच्या आत तिकडे दार वाजलं. पुरुषी आवाज आले, काही तरी जड ओढल्यासारखं झालं.

‘‘अँब्युलन्स आली वाटतं. येरेवानला नेतायत. तिथे फोन मिळेल, न मिळेल.’’ ते जरा थांबले. ‘‘बरं, येतो मी.’’

फोनवर बाबा नेहमी ‘ठेवतो’ म्हणत. ‘येतो’ हे घरातून बाहेर पडताना, पायात चपला सरकवताना म्हणायचं. आणि मागे राहणाऱ्याने त्यावर ‘या’ म्हणायचं, त्याशिवाय जाणाऱ्याचा पाय निघत नाही. मयूराला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ती बोलेना. आपण म्हटलं नाही तोवर ते त्या बाईच्या दारात उभे आहेत, असं तिला वाटत होतं.

‘‘मयू? ऐकतेस ना? येतो म्हटलं.’’ श्वासाची शीळ वाजत होती. दार उघडं असावं, वारा ऐकू येत होता.

आणखी किती वेळ त्यांना थंडीत उभं करणार?

‘‘या,’’ ती म्हणाली.

दार लागल्याचा आवाज आला. फोन बहुधा तसाच कुठे तरी ठेवला गेला होता, तिकडची रिकामी खोली ऐकू येत होती. मयूराने तो कानाशी घट्ट धरला आणि म्हणत राहिली, ‘‘या हं, बाबा. या.’’